लीलाताईंचा पाण्याचा दिवस

पावसाचे चार दिवस सोडले, तर आमच्या गल्लीतून पाणी वाहून जाताना कुणी पाहिलेलं नाही. म्हणून त्या दिवशी भल्या सकाळी वरच्या टोकाचे काका दूध आणायला निघाले, आणि मधेच थांबून मोठ्यानं म्हणाले, "अहो, कुणाचं पाणी वाहायलंय?" मी जागीच होते. पाण्याचा दिवस होता. मी चहाचं आधण ठेवून भिंतीवरच्या टकटकीची वाट बघत बसले होते. टकटक झाली नव्हती, म्हणजे पाणी अजून आलेलं नव्हतं, असा माझा साधा हिशोब. काकांचा आवाज ऐकून बाहेर आले, तर लीलाताईंच्या फाटकाखालून स्वच्छ पाण्याचा एक ओहोळ निघून उतारानं कोपऱ्याकडं चालला होता. तो पाहिला आणि मला कळलं. फाटक उघडायच्या आधीच कळलं. लीलाताई घरात आहेत आणि त्यांचा हौद भरून वाहतोय, असं होऊ शकत नव्हतं.

त्या मागच्या अंगणात, हौदाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोकं भिंतीला टेकलेलं, मांडीवर लाटणं. नळ उघडून झाला होता, भिंत वाजवायची राहिली होती. मी आधी काय केलं असेल तर नळ बंद केला. मग त्यांच्या हाताला हात लावला. नंतर डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले, त्रास झाला नसेल म्हणाले. मी नुसती मान हलवत होते... या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी त्या क्रमाचा पुष्कळदा विचार केला आहे, आधी नळ आणि मग हात. मला वाटतं, त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही हाच क्रम सांगितला असता.

या शहराबाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. बऱ्याच दिवसांनी, पाळीनं येतं. थोडा वेळ येतं आणि जातं. मग प्रत्येक घराच्या पोटात जमिनीखाली एक हौद असतो, गच्चीवर टाकी असते, मोरीत पिंप असतं, स्वयंपाकघरात हंडे असतात, आणि एवढं सगळं त्या थोड्या वेळात भरायचं असतं. लग्नाची तारीख, दवाखान्याची वेळ, पाहुण्यांचं येणं, सगळं पाण्याचा दिवस बघून ठरतं. आमची घरं रो-हाऊसची, दोन घरांत एकच भिंत. गल्ली उताराची. लीलाताईंचं घर सगळ्यांत खाली, त्यामुळं पाणी पहिल्यांदा त्यांच्याकडं यायचं. त्याच्याही आधी नळातून हवा निघायची, बारीक सुस्कारा टाकल्यासारखी. तो सुस्कारा लीलाताईंना झोपेतही ऐकू यायचा. मग त्या उठून लाटण्यानं आमची सामाईक भिंत वाजवायच्या, आणि मी उठून माझ्या पलीकडच्यांना हाक द्यायची. अशी बातमी चढ चढत वरच्या टोकापर्यंत जायची. ही रीत पडली तेव्हा अजित, म्हणजे त्यांचा मुलगा, तान्हा होता, आणि त्याचे वडील चिकलठाण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून पुढच्या खोलीत झोपलेले असायचे. ओरडायची सोय नव्हती, म्हणून लाटणं. पुढं बाळ मोठं झालं, नोकरीला लागलं, त्याचे वडील निवर्तले, ओरडायला घरात कुणाची आडकाठी उरली नाही. लाटणं तसंच राहिलं.

त्या सांगलीकडच्या, कृष्णाकाठच्या. लग्न होऊन पैठणकडच्या घरात पडल्या आणि नवऱ्याच्या नोकरीबरोबर इथं आल्या. आम्ही दोघी साधारण एकाच सुमाराला या कॉलनीत राहायला आलो. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करत होते, घरी आले की पुन्हा पुस्तकातच असायची. लीलाताईंना त्याची फार गंमत वाटायची. "दिवसभर पुस्तकं वाटून आलीस, आता घरात काय मोजायलीस?" असं भिंतीवरून विचारायच्या. आल्या आल्या त्यांना आमचं 'करायलीस, जायलीस' ऐकून हसू फुटायचं. "पाणी यायलंय म्हणजे काय गं? आलं का येतंय, ते एक सांग की." पण पुढं पाचेक उन्हाळे इथं काढल्यावर लाटणं वाजवून झालं, की भिंतीपलीकडून त्यांचीच हाक यायची, "सुजा, पाणी यायलंय." मी एकदा ते लक्षात आणून दिलं. त्या म्हणाल्या, "आता इथलं पाणी पिऊन इथलंच बोलणार की. पाणी तरी कुठं पोटभर देता तुम्ही?"

हे 'तुम्ही' म्हणजे मी. शहराविषयीच्या त्यांच्या सगळ्या तक्रारी माझ्या नावावर जमा होत. ऊन माझं, जालना रस्त्यावरची धूळ माझी, खोदून ठेवलेले रस्ते माझे. "आमच्याकडं नदी पायरीपर्यंत येती," त्या सांगायच्या. "पाय सोडून बसायचं. शिळोप्याच्या गप्पा मारायच्या. तुमच्या गावात माणसं नळाला कान लावून बसत्यात." मी एकदा म्हटलं, "पुरात तुमचं घर बुडालं होतं ना? तेही सांगत जा." त्यावर त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "बुडालं की. पण पाण्यात बुडालं."

मला त्यांच्यासारखी तोंडभरून तक्रार कधी करता आली नाही. मी अजिंठ्याकडच्या एका खेड्यातली. माझ्या आजीच्या काळात आमच्या वस्तीला गावविहिरीवर जायची मुभा नव्हती. आजी विहिरीपासून लांब घागर ठेवून उन्हात बसायची, कुणीतरी येईल आणि वरून ओतेल म्हणून. ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा "झोप आता" म्हणाली. माझे वडील शिकायला या शहरात आले, नागसेनवनातल्या महाविद्यालयात शिकले, कारकून झाले, आणि आम्हांला एका खोलीत घेऊन राहिले. तिथं दहा-बारा बिऱ्हाडांत एक नळ होता. भांडणं व्हायची, घागरी आपटायच्या. आई वैतागून म्हणायची, हे काय जगणं आहे. वडील म्हणायचे, "इथं नंबर लागतो. आपला नंबर आला की आपणच नळ सोडायचा. हे लई हाय." त्यामुळं या शहरावर माझं प्रेम आहे का, असं कुणी विचारलं तर मला सरळ उत्तर देता येत नाही. कोरड्या नळाचा मलाही राग येतो. पण तो नळ सगळ्यांना सारखाच कोरडा असतो, हे विसरून रागवता येत नाही.

लीलाताईंना हे सगळं मी पुढं केव्हातरी सांगितलं. पण त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. आम्ही नवीन राहायला आलो तो पहिला उन्हाळा. तेव्हा त्यांच्या सासूबाई त्यांच्याकडं असत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं आडनाव आणि वडिलांचं गाव विचारून घेतलं होतं. बोलायच्या चांगलं, पण माझ्याकडं चहाला बोलावलं की त्यांना नेमका उपास असायचा. एका पाण्याच्या दिवशी माझ्या नळाला नुसतीच हवा आली, दोन गुळण्या पाणी आणि पुन्हा हवा. मी रिकाम्या पिंपाजवळ उभी होते. एवढ्यात मागच्या भिंतीवरून हिरवी नळी माझ्या अंगणात पडली. पाणी सुरूच होतं तिच्यातून. भिंतीपलीकडून लीलाताई म्हणत होत्या, "धर सुजा, लवकर धर. प्रेशर हाय तवर भरून घे." मी नळी पिंपात सोडली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, नळी विटाळंल की." मला वाटलं, आता नळी मागं ओढली जाणार. मी हात सैल सोडला... नळी हलली नाही. लीलाताई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मग दुसरी आणू." दुसरी काही आणली नाही. पुढच्या पाण्याला तीच नळी तशीच भिंतीवरून आली, आणि मग ती भिंतीवरच राहायला लागली, निम्मी त्यांच्याकडं, निम्मी माझ्याकडं. या विषयावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

दर महिन्या-दोन महिन्यांनी त्या मला पाणचक्कीला घेऊन जायच्या. पाहुणे घेऊन सगळेच जातात, लीलाताई पाहुण्यांशिवाय जायच्या. डोंगराकडून जमिनीखालच्या जुन्या नहरीतून आलेलं पाणी तिथं उंचावरून हौदात पडतं. पर्यटक फोटो काढत असत, आणि लीलाताई वडाच्या सावलीत, कठड्यावर बसून डोळे मिटत. "गप बस जरा. मी गावाला जाऊन येते," असं म्हणत. त्या गावाला जाऊन येईपर्यंत मी पुस्तक वाचायची. मग आम्ही गुलमंडीला जाऊन गरम इम्रती खायचो आणि घरी यायचो. एकदा रिक्षावाल्यानं विचारलं, "कहाँ जाना आपा?" त्या त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "पानी देखने जाना है, भैया." तो मागं वळून म्हणाला, "पानी देखने कू तो पूरा शहर तरस रा आपा, तुम बैठो." लीलाताई रस्ताभर हसत होत्या. एका कडक उन्हाळ्यात आम्ही गेलो तर पाणी बंद होतं. हौदाच्या तळाला हिरवट थर, आणि वडाची पानं. तरी त्या बसल्या, नेहमीइतकाच वेळ बसल्या. उठताना पदर झटकून म्हणाल्या, "आज माहेर बंद हाय."

शहराचं नाव बदललं तेव्हा कॉलनीत बरेच दिवस चर्चा रंगल्या. कट्ट्यावर एका बाजूचे लोक, दुसऱ्या बाजूचे लोक, आवाज चढलेले. लीलाताई दळण घेऊन तिथून चालल्या होत्या. कुणीतरी विचारलं, "काकू, तुमचं काय म्हणणं?" त्या म्हणाल्या, "नाव काय बी ठेवा, पाणी कवा यायलंय तेवढं सांगा." दोन्ही बाजूंचे लोक हसले, आणि त्या दिवसापुरती चर्चा मोडली. मला त्या वेळी जाणवलं, की आयुष्यभर 'तुमचं गाव, तुमचं गाव' म्हणणारी ही बाई गल्लीतल्या कुणाहीपेक्षा जास्त इथली झालेली होती. तसं म्हटलं असतं तर त्यांना राग आला असता, म्हणून म्हटलं नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले, आणि अजित त्यांना पुण्याला घेऊन गेला. कायमचंच, असं ठरलं होतं. जाताना त्यांनी मला घराची किल्ली दिली, डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. "सुटले बाई एकदाची," म्हणाल्या. "आता तू बस कान लावून." अजितच्या सोसायटीत चोवीस तास पाणी. पण आमच्याकडं पाण्याचा दिवस आला, की सकाळीच त्यांचा फोन. "आलं का गं?" पुण्यात बसून त्यांना इथला दिवस पाठ होता. तिथला वार मात्र कळेना. "अगं, इथं सोमवार काय नी गुरुवार काय, सगळं सारखंच," म्हणायच्या. पुढं हळूहळू समजलं, की त्या तिथंही पाणी भरून ठेवत होत्या. बादल्या, पातेली, कळशी, शेवटी कुकरसुद्धा. दुसऱ्या दिवशी ते शिळं झालं, म्हणून गॅलरीतल्या कुंड्यांना ओतायचं आणि पुन्हा भरायचं. आम्ही सगळे हेच करत आलो. नवं पाणी आलं की जुनं झाडांना. पण इथं ते कित्येक दिवसांतून एकदा होतं, तिथं रोज व्हायला लागलं. सगळी झाडं कुजली. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी पडलं, आणि त्या तक्रार घेऊन वर आल्या. रश्मी, त्यांची सून, फार समजूतदार मुलगी. ती हसत म्हणाली, "आई, इथं पाणी कुठं पळून जात नाही हो." हे लीलाताईंनीच मला फोनवर सांगितलं. मग म्हणाल्या, "कुठं जात न्हाई हे खरं हाय. पण कुठनं येत बी न्हाई गं. भिंतीत असतंच. कुणाला सांगायचं, आलं म्हणून?"

दिवाळीच्या आधी त्या परत आल्या. अजित सोडायला आला होता, कानकोंडा झाला होता बिचारा. मी माझ्या घरून चहा घेऊन गेले तर लीलाताई सामान तसंच दारात टाकून मागच्या अंगणात गेलेल्या, आणि वाकता येत नसताना वाकून हौदाचं झाकण उचलून आत बघत होत्या. मी म्हटलं, "एवढ्या शिव्या घालत होता ना या गावाला?" त्या आत बघतच म्हणाल्या, "शिव्या घालायला तरी ओळखीचं गाव लागतं की."

आणि मग गेल्या वर्षी मी जायचं काढलं. माझे यजमान जाऊन काही वर्षं झाली आहेत. मुक्ता, माझी मुलगी, ठाण्याला असते. तिचं म्हणणं साधं आणि बरोबर होतं, की मला आता बादल्या उचलवत नाहीत, उन्हाळा सोसत नाही, आणि रात्री-बेरात्री काही झालं तर पाहणारं कुणी नाही. तिनं तिथं माझ्यासाठी खोली तयार केली, भिंतीला पुस्तकांची कपाटं करून घेतली, आणि इथल्या घराला गिऱ्हाईकही पाहायला लागली. मी लीलाताईंना सांगायचं पुढं ढकलत होते. एका दुपारी आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. टरफलं वेगळी, दाणे वेगळे, चाललं होतं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "जाते, जाते म्हणत जन्म गेला माझा. आणि जायलीस तू."

त्यानंतरच्या पाण्याला भिंत इतक्या जोरात वाजली, की माझ्याकडचा पोपडा पडला. पाणी यायलंय, ही हाक मात्र आली नाही. पुढच्या पाण्यालाही तसंच. मग एका संध्याकाळी त्या झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. तहारी होती, इकडचा मसाल्याचा भात, तिखट, वरून तूप. पातेलं माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "खा. तिकडं मिळणार न्हाई." मी खात होते आणि त्या माझ्या कपाटांकडं बघत होत्या. म्हणाल्या, "तुझी पुस्तकं जातील, तू जाशील. मी भिंत कुणासाठी वाजवू, ते सांगून जा." मी म्हटलं, "अजून कुठं काही ठरलंय?" ठरलं होतं, आणि त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी ते तसंच सोडून दिलं. म्हणाल्या, "बरं, एक कर. मी तुझ्या आधी गेले तर माझं पाणी ओतू देऊ नकोस. अक्का येईल नी सगळं ओतायला लावंल." अक्का म्हणजे त्यांची थोरली नणंद. त्यांच्यात घरातलं माणूस गेलं, की भरून ठेवलेलं पाणी ओतून देतात. मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता." "चेष्टा न्हाई करत, सुजा. आठवडाभराचं पाणी असतं ते."

त्यानंतर आम्ही पूर्वीसारख्या बोलायला लागलो होतो. त्या गेल्या, त्याच्या आदल्या संध्याकाळी भिंतीवरून म्हणाल्या, "उद्या पाणी हाय. लवकर ऊठ." शेवटचं बोलणं एवढंच. ते तसं आहे याचं मला बरं वाटतं.

अजित दुपारी पुण्याहून पोचला. अक्का त्याच्या आधीच पैठणकडून आल्या होत्या. लीलाताईंना घेऊन माणसं गेली आणि घरात बायका राहिल्या. अक्कांनी कंबरेला पदर खोचला. "घरात भरलेलं सगळं पाणी ओता," म्हणाल्या. "हंडे, पिंप, सगळं. हौद बी मोटर लावून काढा." दोघी-तिघी हंडे उचलायला आत गेल्या. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. शिवाय ते घर माझं नव्हतं, रीत माझी नव्हती. तरी मी मागच्या अंगणात जाऊन हौदाच्या झाकणाजवळ उभी राहिले, आणि म्हटलं, "अक्का, हौद नको."

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमच्यात नसंल तसं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पण आजूबाजूच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"आमच्यात नाहीच," मी म्हटलं. "पण हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. लीलाताईंनी मला सांगून ठेवलंय."

"लीला असं म्हणली?"

"आठवडाभराचं पाणी असतं ते, म्हणाल्या."

अक्का सकाळपासून रडल्या नव्हत्या, सगळी व्यवस्था बघत होत्या. ते वाक्य ऐकलं आणि त्या हौदाच्या कडेला खाली बसल्या. "म्हणंलच ती," म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, "म्हणंलच." आणि मग त्यांना रडू आवरेना. हंडे तेवढे अंगणातल्या सीताफळाच्या बुडाशी रिकामे केले. पिंपाचं झाकण अक्कांनी स्वतःच्या हातानं लावलं. संध्याकाळी स्मशानातून माणसं परत आली, ती आंघोळ केल्याशिवाय घरी जात नाहीत. गल्लीत कुणाकडं एवढ्यांना पुरेल इतकं पाणी नव्हतं, कारण सकाळच्या गडबडीत अर्ध्या घरांचं भरायचंच राहिलं होतं. लीलाताईंच्या हौदाची मोटर सुरू केली. मागच्या अंगणात हिरवी नळी सोडली. त्यांना पोचवून आलेली सगळी माणसं त्यांच्याच पाण्यानं न्हाऊन घरोघर गेली.

तेराव्यानंतर अजित निघाला. घराचं काय करायचं ते पुढं बघू, म्हणाला, आणि किल्ली माझ्यापुढं धरली. "मावशी, तुमच्याकडं असू द्या. तुम्ही जाईपर्यंत." मी घेतली. पुढच्या पाण्याला मला जाग आली ती वरच्या घरातल्या मोटरच्या आवाजानं. तोवर अर्धं पाणी येऊन गेलं होतं. त्याच्या पुढच्या पाण्याला मी पहाटेपासून माझ्या नळाशी बसले, तरी तो सुस्कारा मला ओळखता आला नाही. इतक्या वर्षांत मी तो कधी ऐकलाच नव्हता. मला फक्त लाटणं ऐकू यायचं. हौद अर्धाच भरला. वरच्या घरातली सून भेटली तेव्हा म्हणाली, "मावशी, काकू गेल्यापासून सगळ्यांचीच पंचाईत व्हायली बघा." तेव्हा लक्षात आलं, की ऐकायचं असेल तर खालच्या घरात बसूनच ऐकावं लागेल.

म्हणून काल पाण्याच्या दिवशी, उजाडायच्या जरा आधी, मी लीलाताईंचं घर उघडलं. घरात बंद घराचा वास होता, आणि त्याच्या खाली अजूनही थोडा फोडणीचा. मागच्या अंगणात गेले. खुर्ची कुणीतरी भिंतीला पाठ लावून उभी करून ठेवली होती, ती सरळ केली आणि बसले. लाटणं नळाशेजारच्या खिळ्याला त्याच्या दोरीनं टांगलेलं होतं. सीताफळाला त्या हंड्यांचं पाणी मानवलं असावं, उजाडलं तशी नवी पालवी दिसायला लागली. तेवढ्यात फोन वाजला. मुक्ता सकाळी कामावर निघताना बोलते. म्हणाली, "आई, ते घर बघणारे लोक रविवारी येतो म्हणतायत. हो म्हणून कळवू ना?"

मी म्हटलं, "नको कळवूस."

"या रविवारी नको, का येऊच नको म्हणून सांगू?"

मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही, पण ते तोंडानं म्हणायची सवय नव्हती. ठाण्याच्या त्या कपाटांचा विचार मनात आला, तिनं माझी उंची मोजून करून घेतलेल्या. आणि त्याच वेळी नळातून तो आवाज आला. अगदी बारीक, कुणीतरी जिना चढून आल्यावर दम सोडावा तसा.

"आई? ऐकतेयस ना?"

"पाणी यायलंय गं," मी म्हटलं. "ठेवते."

नळ उघडला. आधी हवा, मग लालसर, मग स्वच्छ पाणी हौदात पडायला लागलं. त्या आवाजात मी जरा वेळ तशीच उभी राहिले. मग लाटणं खिळ्यावरून काढून पुन्हा खुर्चीत बसले. भिंतीत, खुर्चीतून हात पोचेल एवढ्या उंचीवर, गिलाव्याला एक वाटोळा खळगा पडलेला आहे. मी तो हजार वेळा पाहिला असेल, हात कधी लावला नव्हता. आतून गुळगुळीत झालाय. लाटण्याचं टोक त्यात बरोबर बसलं. मी भिंत वाजवली. टकटक पलीकडं गेली, माझ्या स्वयंपाकघरात, जिथं इतकी वर्षं मी आधण ठेवून तिची वाट बघत बसायची, आणि जिथं आता कुणी नव्हतं.

मी थोडं थांबले. मग नेहमी उठायची तशी उठले, फाटक ओढून घेतलं, आणि नळ उघडायला, पलीकडच्यांना हाक द्यायला माझ्या घरी गेले.